वाकड्या चाकाची पद्धत

या, असे पुढे या. दाराशी कशाला अवघडून बसलात? तिथवर शब्द पोचेपर्यंत त्यातली गंमत गार होते. पुढे सरका, पाय मोकळे सोडा, लेकरांना मांडीवर घ्या. आज गोष्ट ऐकायची आहे ती एका नटाची. लोखंडाचा, सहा कोनांचा, मुठीत मावेल एवढा नट. तो सैल करायचा आणि परत आवळायचा, एवढंच काम होतं. चहा उतू जायच्या आत झालं असतं. पण माणसाने ते केलं नाही आणि त्यापायी अख्खा रस्ता वाकडा चालायला लागला. देव सगळं बघत होता. पण देव काही पाना घेऊन कुणाच्या गाडीत शिरत नाही. तेवढं आपलं आपल्यालाच करावं लागतं.

तर मास्तर. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. चढाच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शाळा, मागच्या खोलीत संसार. शाळा म्हणजे एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि दाराबाहेर एक जुनी पांढरी गाडी. मास्तर बसत त्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, आणि मास्तर इतकी वर्षं तिथे बसले होते की त्या सीटला त्यांच्या पाठीचा साचा पडला होता. चालकाच्या जागी ते कधी म्हणून बसत नसत. "गुरूने शिष्याच्या आसनावर बसू नये," असं ते सांगत. मास्तरीणबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणत, "तिथे बसलं की ओरडायचं कुणावर, हा प्रश्न पडतो ह्यांना."

माणूस मात्र वाईट नव्हता, बरं का. शिकवणं चोख. त्यांचे दोनच मंत्र होते. पहिला, नजर लांब रस्त्यावर ठेवा, हात आपोआप सरळ राहतात. दुसरा, उतारावर गाडी लावली की पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवा. ब्रेक सुटला तरी गाडी फुटपाथला टेकेल, कुणाच्या अंगावर जाणार नाही. गल्ली उताराची, त्यामुळे हा दुसरा मंत्र रोज म्हटला जाई. शिकाऊ माणूस चाकं सरळ ठेवून उतरला तर मास्तर त्याला परत बसवत, चाकं वळवून घेत, आणि मगच घरी जाऊ देत.

घरात तिसरं माणूस होतं ते मास्तरांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली तेव्हा मास्तर रांगत होते. त्यांचं बोट धरून त्यांना पहिलं पाऊल टाकायला लावलं ते आक्काने. पुढे ती वाचनालयात लागली, ती तिथल्या मागच्या खोलीत बसून पुस्तकांचे फाटके पुठ्ठे चिकटवण्यात तिचा जन्म गेला. हाताला कायम खळीचा वास. त्या वाचनालयाची एक फिरती गाडी होती. आत दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर पुस्तकं. ही गाडी वृद्धाश्रमात जायची, इस्पितळात जायची, पार टेकडीपलीकडच्या वस्तीपर्यंत जायची. तिच्या चालकाचे गुडघे गेले आणि गाडी मागच्या अंगणात धूळ खात उभी राहिली. वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं, गाडी मोडीत काढू.

आक्का उठून उभी राहिली. जन्मात कधी मंडळापुढे तोंड उघडलं नव्हतं. म्हणाली, "मी चालवते."

मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. केस पिकलेली बाई, सायकलसुद्धा येत नाही. पण नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. म्हणून म्हणाले, "बरं, येत्या परीक्षेत परवाना काढून दाखवा. गाडी तोवर ठेवतो. नाही जमलं तर मोडीत."

आणि गंमत बघा, आक्काला जमत होतं. भावाच्या शेजारी बसून, लांब रस्त्याकडे बघत, ती संथ, सरळ गाडी नेई. मास्तर तोंडाने म्हणत, "ठीक आहे, अजून पुष्कळ शिकायचंय," आणि रात्री बायकोला सांगत, "आक्काचा हात म्हणजे लोण्यासारखा गं."

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं व्हायला शेजारी लागतो.

समोरच्या बाजूला दुसरी शाळा निघाली. तिचा मालक ढगाळ दिवशीही काळा चष्मा लावायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. त्याची गाडी नवी, लालभडक, आत सुगंधी फवारा. मास्तरांचे शिष्य चहाच्या निमित्ताने पलीकडे जाऊ लागले आणि तिकडेच चिकटू लागले. राहिले कोण? आक्का, आणि कोपऱ्यावरचा औषधवाला.

"आपल्या गाडीत काय कमी आहे?" मास्तर जेवताना घास हातात धरून म्हणाले.

"सीटची गवसणी फाटलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाय ठेवायची जागा चिकट झालीय. काच खाली गेली की वर येत नाही."

"ते नव्हे. गाडीचा चेहरा म्हणतो मी. माणूस बसल्या बसल्या काय बघतो? स्टिअरिंग! आणि आपलं स्टिअरिंग कसं दिसतं? घाबरट लोकांच्या घामाने कुरतडल्यासारखं."

"अहो, ते फिरतंय ना?"

"फिरण्यावर काय आहे? पंखापण फिरतो."

अशा माणसापुढे काय बोलणार? दोन दिवसांनी नवं स्टिअरिंग आलं. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं, जुन्यापेक्षा लहान, जाडजूड, काळं कातडं, त्यावर लाल दोऱ्याची शिवण, आणि मधोमध हॉर्नच्या बटणावर एक लाल तारा. सोबत एक लोखंडी कडं होतं. नवं चाक जुन्या गाडीच्या दांड्यावर थेट बसत नाही. दोघांची सोयरीक जमवायला मध्ये हे कडं लागतं. दुकानदार म्हणाला होता, मेकॅनिककडून बसवून घ्या. मास्तर हसले होते. "अहो, मेकॅनिकला गाडी चालवायला कुणी शिकवली? मी!"

सकाळी ऊन डोक्यावर यायच्या आत कामाला सुरुवात झाली. गाडी गल्लीत, दारासमोर, उतारावर. आदल्या दिवशी औषधवाल्याने लावली होती, आणि मास्तरांच्या शिकवणीला जागून लावली होती. आक्का पायरीवर वाटाणे सोलत बसली. मास्तरीणबाई खिडकीत. समोर चष्मेवाला, हातात कप.

मास्तरांनी बॅटरीची तार काढली. हॉर्नचं झाकण उचकटलं. मधला नट उघडा पडला. पान्याने तो फिरवून फिरवून काढला आणि ऐटीत खिशात टाकला. इथे एक बारकी गोष्ट असते. नट सगळा काढायचा नाही, टोकाशी दोन आटे राहू द्यायचे, कारण वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं चाक ओढता ओढता एकदम सुटतं. मास्तर दोन्ही हातांनी ओढत होते. "निघत कसं नाही? अगं, निघत कसं..."

निघालं. थेट नाकावर.

"अगंबाई!" खिडकी म्हणाली.

"लागलं का रे बाळ्या?" आक्काच्या मांडीवरचे वाटाणे गल्लीभर घरंगळले.

"नाही लागलं!" मास्तर नाक धरून म्हणाले. आवाज असा निघाला की जणू नळातून कुणी बोलतंय. चष्मेवाल्याने कप खाली ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

आता नाक सुजलेलं, समोर शत्रू टाळ्या वाजवतोय, अशा वेळी माणूस शांतपणे विचार करतो का? मास्तरांनी कडं बसवलं, कड्यावर चाक ठेवलं, हॉर्नची तार जोडली आणि जाऊन बसले कुठे? आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर. तिथून मान वाकडी करून बघितलं. लाल तारा कसा ताठ उभा होता! "बघ आक्का, शिपायासारखा!" दांड्याच्या दात्यांत चाक बसवलं, नट लावला, पान्याला लोखंडी नळी घालून वर जोर दिला आणि आवळून टाकला.

तारा ताठ होता, खरं आहे. पण खाली पुढची चाकं फुटपाथकडे वळलेली होती, हे कुणी बघितलंच नाही. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला उतारावर चाकं वळवायला शिकवलं, तोच ते विसरला. स्वतःचा मंत्र इतक्यांदा म्हटला की तो कानातून गळून गेला. आपलंही होतं असं. रोज ओठांनी नाव घेतो आणि ज्याचं घेतो तो शेजारी येऊन बसला तर ओळखत नाही.

थोड्या वेळाने औषधवाला आला. चाक बघून त्याचे डोळे पाणावले. गोरागोमटा, गोल, भोळा माणूस. दुकानावर येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं तो सायकलवरून घरपोच देई, आणि सायकलवर त्याला धाप लागे, म्हणून गाडी शिकत होता. तो चालकाच्या जागी बसला, मास्तर शेजारी, आक्का मागे. गाडी गल्लीतून निघून मोठ्या सरळ रस्त्याला लागली, आणि सरळ रस्त्यावर लाल तारा उजवीकडे कलंडला. बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर पेंगणाऱ्या माणसासारखा.

"मास्तर," औषधवाला हळूच म्हणाला, "चाक जरा वाकडं आहे का?"

"वाकडंच आहे," आक्का मागून म्हणाली. "बाळ्या, चुकलं रे कुठेतरी. चल घरी, काढून परत बसव."

मास्तरांना त्याच क्षणी सगळं कळलं. उतार, फुटपाथ, वळलेली चाकं. "चला परत" हे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात शेजारून ती लालभडक गाडी सरकत आली. आतून चष्मेवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "काय मास्तर, चाकाची मान धरलीय का?"

जिभेवर आलेले शब्द परत आत गेले, आणि जे बाहेर आले ते मास्तरांनाही नवीन होते.

"हा कोन आहे," ते म्हणाले. "मुद्दाम दिलाय. शास्त्र आहे त्यात. माणसाचं मनगट निसर्गतः कुठे सरळ असतं? झोपलेल्या माणसाचा हात बघा. कललेला असतो! चाक मनगटासारखं हवं, मनगट चाकासारखं नव्हे."

चष्मेवाल्याची गाडी पुढे गेली. औषधवाल्याने आपलं मनगट डोळ्यांपुढे धरून बघितलं. बघतच राहिला. "मास्तर," तो भारावून म्हणाला, "एवढी वर्षं हे मनगट माझ्याजवळ आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही."

"गाडीकडे बघ, गाडीकडे!" मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"झोपलेल्या माणसाने गाडी चालवावी का रे?" आक्का म्हणाली.

संध्याकाळी मास्तर पाना घेऊन खरंच बाहेर पडले होते. देवाशपथ, दाराबाहेर पाऊल टाकलं होतं. पण समोरून औषधवाला येत होता आणि त्याच्यासोबत होती गल्लीच्या टोकाची शिंपीण, चष्मेवाल्याची शिष्या. मास्तरांनी पाना पाठीमागे लपवला.

"मास्तर," शिंपीण म्हणाली, "या औषधवाल्यांनी मला कोनाचं सांगितलं. तिकडे नुसतं सरळ सरळ शिकवतात हो. मला तुमच्याकडे घ्या."

शत्रूची शिष्या आपणहून आली! गुरूला आणखी काय हवं? पाना पुन्हा पेटीत गेला.

आणि मग, श्रोतेहो, पद्धत वाढायला लागली. चूक लहान असते तोवर तिला झाकायला रुमाल पुरतो. मोठी झाली की तिला अंगरखा शिवावा लागतो, आणि अंगरखा चांगला शिवला की लोक तिच्याच पाया पडतात. मास्तरांनी पहिला मंत्र बदलला. पूर्वी म्हणत, रस्त्याकडे बघा. आता म्हणू लागले, "ताऱ्याकडे बघा! तारा कलला की समजा तुम्ही सरळ. तारा ताठ झाला की समजा तुम्ही फुटपाथवर." त्या एका गाडीत ते खरंही होतं, हीच तर पंचाईत. शिष्य ताऱ्याकडे बघत, गाडी सरळ जाई, आणि मास्तरांचा शब्द खरा ठरे. रस्त्याकडे बघायला मास्तर होतेच की, दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर, डोळे वटारलेले.

खोलीत गर्दी होऊ लागली. कुणी म्हणे, कोनाने माझी पाठदुखी गेली. शिंपीण म्हणे, मी शिवणयंत्राचं चाकही आता जरा कलतं ठेवते, टाका सुरेख पडतो. शिवणयंत्राचं चाक कलतं कसं ठेवतात हे तिला कुणी विचारलं नाही. आणि एक दिवस बघतात तो काय, समोर चष्मेवाला आपल्या लालभडक गाडीत डोकं खुपसून बसलेला! त्यानेही चाक काढून वाकडं बसवलं. मास्तरांपेक्षा जास्त वाकडं. बाहेर पाटी लावली: 'येथे अधिक कोनात शिकवले जाईल.'

"आता तरी काढा हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नट सैल करायचा, चाक जरा फिरवायचं, आवळायचा. मी चहा ठेवते, तोवर होईल."

"तो आता नट राहिला नाही," मास्तर खोल आवाजात म्हणाले. "पद्धत आहे ती."

"पद्धत पान्याने सुटत नाही का?"

मास्तर उठून बाहेर गेले.

मग परीक्षा येऊ लागल्या. परीक्षा सरकारी अंगणात होई, परीक्षेच्या साहेबांच्या सरकारी गाडीत, आणि त्या बिचाऱ्या गाडीचं चाक सरळ बसवलेलं होतं. शिंपीण त्यात बसली, चाक मास्तरांच्या शिकवणीप्रमाणे कललेलं धरलं आणि उजवीकडच्या फुलझाडांच्या वाफ्यात शिरली. औषधवाल्याने कुंड्या फोडल्या. साहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "तुम्ही सगळे एकाच वाफ्यात का जाता?"

"साहेब जुन्या वळणाचे आहेत," मास्तरांनी समजूत घातली. शिष्यांना पटलं. नापास होण्याला आता एक तेज आलं होतं.

पण आक्काचं काय? आक्काला तेज नको होतं, गाडी हवी होती. आणि तिची तारीख जवळ येत होती.

सुरुवातीला ती भावाचं ऐकतच नव्हती. चाक कसंही असो, ती लांब रस्त्याकडे बघे. पण मास्तर शेजारून तिला टोचत राहत. "आक्का, तारा. तारा बघ आक्का. एवढे लोक बघतात, तूच घरची असून बघत नाहीस, मला कसं दिसतं ते?" ज्याला रांगताना उभं केलं त्याचा मान राखायचा, म्हणून ती ताऱ्याकडे बघायला लागली. आणि तिचा लोण्यासारखा हात बिघडला. नजर जवळ आली, तशी गाडी डुलायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती पुढच्या खोलीत आली. हाताला खळ तशीच होती.

"बाळ्या, आज मी वाचनालयात मागच्या अंगणातल्या गाडीत बसून आले. नुसती बसले, चालू न करता. तिचं चाक सरळ आहे रे. माझे हात आपोआप वाकडे झाले. मी सरळ करते, ते परत जातात. उद्या त्या साहेबाच्या गाडीत मी काय करू?"

मास्तर तक्त्याकडे बघत राहिले.

"सांग ना. तुला माहीत असेल ना काहीतरी."

"तू... मनातल्या मनात कोन धर," मास्तर म्हणाले.

आक्काने एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं, जसं लहानपणी त्यांनी साखर चोरल्यावर बघायची, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरकारी अंगणात बाकावर सगळे रांगेने बसले. मास्तर मध्ये, एका बाजूला शिंपीण, दुसऱ्या बाजूला औषधवाला आणि पलीकडे आणखी चार-दोन भक्त. समोर पांढरे पट्टे आखलेला रस्ता, उजवीकडे माळ्याने नव्याने लावलेली फुलझाडं. पहिली हाक औषधवाल्याला. तो उठला, मास्तरांपुढे वाकला, गाडीत बसला. गाडी सुटली. तारा नव्हता तिथे तो ताऱ्यासाठी हॉर्नच्या बटणाकडे बघत राहिला, आणि फुलझाडं पुन्हा गेली.

"साहेबांचं काही खरं नाही," शिंपीण हळहळली. "किती छान कोन धरला होता!"

दुसरी हाक आली. आक्काची.

ती पदर खोचून निघाली. पाठमोरी, लहानखुरी, चालताना एक खांदा जरा खाली. बसली. साहेब शेजारी बसले. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, म्हणून त्यांनी वरची कडी घट्ट धरली. मास्तरांना उघड्या खिडकीतून तिचे हात दिसत होते. ते चाकावर आले, सरळ झाले, आणि हळूहळू, तिला नकळत, उजवीकडे कलले.

ते हात मास्तरांनीच वाकडे केले होते. त्या हातांना धरून ते चालायला शिकले होते, आणि परतफेड म्हणून त्यांनी काय दिलं, तर हे. इंजिन चालू झालं. मास्तरांच्या दोन्ही बाजूंना भक्त बसलेले, त्यांची आयुष्यभराची अब्रू त्या बाकावर मांडून ठेवलेली. उठलं तर ती सांडणार.

मास्तर उठले. नुसते उठले नाहीत, धावले. "थांबा! साहेब, थांबा! आक्का, ऐकू नकोस माझं!"

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता काय?"

"माझं चाक चुकलंय!" मास्तर भर अंगणात ओरडले. "मी चुकीचं बसवलं! टायर फुटपाथकडे वळलेले होते आणि मी तसंच बसवलं, गाढवासारखं! कोन नाही, बिन नाही, शास्त्र नाही, काही नाही! मला त्याच दिवशी कळलं होतं, आक्का. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

आक्का खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती.

"मग मी बघू कुठे?" तिने विचारलं.

"रस्त्याकडे!" मास्तरांचा आवाज फुटला. "लांब. तिथे, त्या फाटकाकडे बघ. हातांकडे बघूच नकोस, ते आपले येतील मागून."

"हे काल सांगितलं असतंस तर मी रात्री झोपले तरी असते," आक्का म्हणाली, आणि मान वर केली.

गाडी निघाली. सुरुवातीला एक गचका बसून बंद पडली. परत चालू झाली. जराशी उजवीकडे डुलली, बाकावरून कुणीतरी "वा!" म्हणालं. पण आक्का फाटकाकडे बघत होती, आणि डुललेली गाडी हळूच पट्ट्यांच्या मध्ये आली, फुलझाडांच्या शेजारून गेली, फाटकाशी वळली, उलट आली आणि थांबली. साहेबांनी कडी सोडली. बोटं मोकळी करून बघितली. "बाई," ते म्हणाले, "या वाफ्याच्या पलीकडे गेलेल्या तुम्ही पहिल्या. पास."

मास्तर तिथेच खाली बसले आणि रडले. लोकांसमोर, रुमाल न काढता.

मग भक्तांकडे वळून हात जोडून म्हणाले, "मला माफ करा. मी तुम्हा सगळ्यांना वाकडं शिकवलं. उद्यापासून या, पुन्हा पहिल्यापासून शिकवतो."

शिंपिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ती इतरांना म्हणाली, "याला म्हणतात मोठेपणा. बहिणीचं मन राखायला माणसाने स्वतःच्या पद्धतीला चूक म्हटलं!"

"अहो, मन राखायला नाही, खरंच चूक आहे!"

"आणि वर किती नम्रता!" दुसरा म्हणाला.

"मी शेजारच्या सीटवरून बघून बसवलं हो!"

"आपल्यासारख्यांना नाही कळायचं," तिसरा म्हणाला.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी जितक्या वेळा सांगितलं तितकी ती मंडळी जास्त हेलावली. चूक पसरवायला त्यांना एक वाक्य पुरलं होतं. परत घ्यायला दिवस पुरेना.

घरी आल्यावर मास्तरांनी गाडी चढावरून मोठ्या सपाट रस्त्यावर नेली. स्वतः नेली, चालकाच्या जागी बसून. पुढचे टायर सरळ केले, उतरून खाली वाकून दोनदा बघितले. मग नट सैल केला, टोकाशी दोन आटे राहू दिले, चाक काढलं, दात्यांवर फिरवून ताठ बसवलं, आवळलं. मास्तरीणबाईंनी चहा ठेवला होता. तो उतू गेला नव्हता.

आक्काची पुस्तकांची गाडी आता टेकडीपलीकडे जाते. इस्पितळाच्या दारात ती हॉर्न वाजवते आणि खिडक्यांतून हात हलतात. मास्तरांची शाळा मात्र रोडावली. ते सरळ चाक पाहून शिष्य हिरमुसले आणि हळूहळू पलीकडे गेले, अधिक कोनाकडे. चष्मेवाल्याच्या दारात आता रांग लागते. सरकारी अंगणात माळ्याने फुलझाडांचा नाद सोडून दगड रचलेत.

औषधवालाही पलीकडेच जातो. मास्तर रोज संध्याकाळी त्याच्या दुकानावर जाऊन उभे राहतात. म्हणतात, "अरे बाबा, चल, फुकट शिकवतो, सरळ शिकवतो." औषधवाला त्यांना बसायला स्टूल देतो, खोकल्याची गोळी देतो आणि प्रेमाने म्हणतो, "मास्तर, तुम्ही माझी परीक्षा बघताय. मी नाही ढळायचा." आणि त्यांनी दिलेलं मनगट कौतुकाने डोळ्यांपुढे धरतो. मास्तर मान खाली घालून घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. आता जन्मभर जातील.

तेव्हा उठायच्या आधी तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. आज दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या औषधवाल्याची आठवण ठेवा. कुणीतरी विश्वासाने एक गोष्ट सांगितली आणि त्याने ती सगळं काळीज ओतून धरून ठेवली, एवढाच त्याचा दोष. तो अजून सायकलवरच फिरतो. चढावर उतरतो, धाप लागते, हातगाडीसारखी सायकल ढकलत नेतो, आणि त्याच्या पिशवीत कुणातरी म्हाताऱ्या जीवाचं औषध असतं, वेळेवर पोचायला हवं असलेलं.